फेस आलेला दगड

“करवंटी होय? ती मी सकाळीच केरात टाकली,” वनूआत्या म्हणाल्या आणि हेमंतच्या तोंडचं पाणी पळालं.

मागच्या पडवीच्या कठड्यापाशी तो उभा होता. कठडा लख्ख पुसलेला. आत्यांच्या हातात अजून ओलं फडकं होतं आणि आता कुणीतरी शाबासकी द्यावी अशा बेतानं त्या उभ्या होत्या.

“आणि करवंटीतला दगड?”

“दगड? इथं काय एक दगड होता? दादानं पोतं पसरून मांडून ठेवले होते की. पोतं, फडकी धुवायला टाकली आणि दगड सगळे घातले मी त्याच्या पेटीत. जाता जाता राहून गेलेलं काम त्याचं. उद्या कावळा शिवायला नको का?”

हेमंत कठड्यावर बसलाच. “आत्या, अगं त्यात नानांचा जीवखडा होता.”

नाना म्हणजे माझे सासरे. ते जाऊन तो नववा दिवस होता. स्मशानात खांद्यावरच्या मडक्याला ज्या दगडानं भोक पाडतात, तो दगड टाकून देत नाहीत. गेलेल्या माणसाचा जीव दहाव्यापर्यंत त्याच्यात असतो असं आमच्याकडे मानतात, म्हणून त्याला जीवखडा म्हणायचं. तो घरात घ्यायचा नाही, बाहेर सांभाळून ठेवायचा. दहाव्या दिवशी घाटावर त्याच्यापुढे पिंड द्यायचे आणि मग तो नदीत सोडायचा. हेमंतनं तो पांढऱ्या फडक्यात गुंडाळून करवंटीत ठेवला होता, आणि करवंटी कुठं ठेवावी, तर जिथं नानांनी माशांच्या पेटीसाठी पारखून झालेले दगड मांडून ठेवले होते तिथंच. कुठली वस्तू कुठं ठेवावी याचं तारतम्य आमच्या हेमंतला जन्मात नव्हतं, पण ते बोलून दाखवायची ती वेळ नव्हती.

कारण त्याचा चेहरा बघवत नव्हता. नाना गेले तेव्हा तो कामासाठी पुण्यात होता. दुपारी माशांना खाणं घालून नाना खुर्चीत बसले ते पुन्हा उठलेच नाहीत. एकुलता एक मुलगा, पण वडिलांच्या तोंडात पाणी घालायलाही पोचला नाही. तेव्हापासून हा माणूस एकच गोष्ट धरून बसला होता, की निदान दहावा तरी बिनचूक करायचा. आणि आता ज्याच्यापुढे दहावा करायचा, तोच दगड दगडांत मिसळून गेला होता.

“दिसायला कसा होता?” मी विचारलं.

“काळा.”

“अरे, काळा तर कराडातला प्रत्येक दगड असतो. आणखी काही?”

“मुठीत मावेल एवढा. आता दगड कसा असतो, तसा होता.” तो वैतागला. “त्या दिवशी मी दगड निरखत बसलो होतो का? आणि नंतर तिकडे बघवलंही नाही मला.”

आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत पेटीपुढे गेलो. हल्ली जिला ऐटीत अ‍ॅक्वेरियम म्हणतात तिला आमच्या घरी नुसती पेटी म्हणत. खिडकीखाली लोखंडी घोडीवर ती मांडलेली होती, आणि आत दगडांची ही रास. गप्पी आणि काळे मोली तिच्यात जागा शोधत हिंडत होते. आत्यांनी जुने दगडही बाहेर काढून, घासून, नव्यांबरोबर पुन्हा रचले होते. त्यामुळे जुना कुठला आणि नवा कुठला हेही कळायची सोय उरली नव्हती.

“साबण नाही ना लावलात?” मला एकदम भीती वाटली.

“एवढी अडाणी नाही हो मी. नुसता काथ्या आणि पाणी. तळाशी वाळूत अर्धा पुरलेला एक होता, तोसुद्धा उकरून घासलाय.”

सासूबाई पलीकडच्या भिंतीला टेकून चटईवर बसल्या होत्या. गेले नऊ दिवस त्यांची जागा तीच होती. त्या म्हणाल्या, “एवढा आटापिटा कशाला करताय? दगडच तो.”

हेमंतनं त्यांच्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

तेवढ्यात घळसासी गुरुजी आले. उद्या काय काय लागेल ते सांगायला ते येणारच होते. वयस्क, सडपातळ, बोलणं कोरडं, पण मनानं प्रेमळ माणूस. हेमंतनं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पेटीकडे पाहिलं, आत्यांकडे पाहिलं आणि उपरणं सावरून खुर्चीत बसले.

“दुसरा दगड घेऊन करता येतं,” ते म्हणाले. “त्याला मार्ग आहे. मात्र मागचे विधी पुन्हा करावे लागतील.”

“पण तो खरा कुठला?” हेमंत म्हणाला. “मी दुसऱ्याच दगडापुढे हात जोडायचे आणि नाना इथं पेटीत?”

“तेही आहे.”

“गुरुजी,” सासूबाईंनी विचारलं, “नाहीच मिळाला तर काय होतं हो?”

“लोक म्हणतात, माणूस घुटमळत राहतो.”

“कुठं?”

“घरातच. आणखी कुठं जाणार?”

“हं,” सासूबाई म्हणाल्या, आणि पुन्हा मांडीवरच्या हातांकडे बघत बसल्या.

माझं मात्र डोकं भलतीकडेच चाललं होतं. मला पहिल्यापासून नसत्या चौकशा फार. त्यातून नानांच्या दगडांच्या नादाला घरात माझ्याइतकं कुणी लागलं नव्हतं. नाना साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. रविवारी ते मला स्कूटरवर मागे बसवून कोयनेच्या पात्रात घेऊन जात आणि आम्ही उन्हात दगड निवडत बसत असू. मुलगी बघायला गेलेली मंडळी विचारणार नाहीत एवढे प्रश्न ते एका दगडाला विचारायचे. चकाकी आहे का? असली तर नको, आत कसला धातू असेल आणि पाण्यात उतरेल. धार आहे का? माशाचं अंग सोलवटेल. नखानं भुगा निघतो का? मग तो पाण्यात विरघळत राहणार. पांढरे ठिपके, शिरा असल्या तर संशय. घरी आणल्यावर ब्रशनं घासायचा आणि वरून कढत पाणी ओतायचं, पण गॅसवर उकळायचा नाही, कारण आत मुरलेलं पाणी तापून दगड फुटतो. मग कोरडा करायचा आणि शेवटची परीक्षा. कारखान्यातून आणलेल्या पातळ अ‍ॅसिडचा एक थेंब. फेस आला की दगड नापास.

“फेस म्हणजे चुना,” नाना सांगायचे. “तो हळूहळू पाण्यात उतरतो, पाणी जड होतं. आपल्याला दिसत नाही, पण माशाला कळतं.”

नापास दगडाला ते दयामाया दाखवत नसत. मी एकदा हट्टानं आणलेला फार सुंदर, पांढरी नक्षी असलेला दगड त्यांनी थेंब टाकून पाहिला आणि सरळ कंपाउंडबाहेर भिरकावला होता.

म्हणून मी गुरुजींना विचारलं, “तुम्ही तो दगड उचललात कुठून?”

“घाटावरून. आणखी कुठून?”

“तसं नव्हे. पात्रातून उचललात की काठावरून?”

गुरुजींनी डोळे मिटून घेतले. “थांबा. पात्रात नव्हतो उतरलो, पाणी होतं. पायऱ्यांच्या कडेला जुनी भिंत ढासळलीय, तिथल्या ढिगातला घेतला. हाताला पांढरं लागलं होतं. मी धोतराला पुसलं, ते आठवतंय.”

“पांढरं म्हणजे चुनाच,” मी म्हटलं. “जुनी बांधकामं चुन्यातली असतात.”

“मग?” हेमंतनं विचारलं.

“मग काय? या पेटीतला एकूणएक दगड नानांनी पारखलेला आहे. त्यातल्या एकालाही फेस येणार नाही. भिंतीतल्या दगडाला नाना विचारायला गेले नव्हते. आत्यांनी कितीही घासला तरी फटीत चुना राहिलेला असणार.”

हेमंत माझ्याकडे बघतच राहिला. नवऱ्यानं असं बघावं असे प्रसंग आमच्या संसारात मोजकेच आले, म्हणून लक्षात राहिलंय.

“करून बघू,” गुरुजी म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले. त्यांनाही आता चेव आला होता.

मासे त्यांच्याच पाण्यासकट बादलीत काढले. आत्या एकेक दगड बाहेर काढून पुसायच्या, हेमंत पडवीत उन्हात मांडायचा. नानांच्या कपाटातून मी ती तपकिरी बाटली आणि काचेची नळी आणली. दगड सुकल्यावर गुरुजींसकट आम्ही सगळे पडवीत बसलो. सासूबाईही दारात येऊन उभ्या राहिल्या, याचं मला नवल वाटलं. मी लग्न होऊन आल्यापासून त्या कधी पेटीजवळ गेल्या नव्हत्या. माशांना खाणं घाल म्हटलं तरी दुसऱ्याला सांगायच्या.

पहिल्या दगडावर थेंब टाकला. ओला डाग पडला, बस्स. दुसराही तसाच. तिसऱ्याला गुरुजी वाकून कान लावून ऐकत होते, त्यांना आत्यांनी मागे ओढलं. पुढचे, त्याच्या पुढचे, सगळे गप्प. नानांची निवड म्हणजे निवड होती. इतक्या वर्षांत एकही दगड खोटा पडला नव्हता, आणि त्यांचं मला इतकं कौतुक वाटलं की डोळे भरून आले. नळी धरून मी तशीच थोडी रडून घेतली.

रास संपत आली तसा हेमंत अस्वस्थ व्हायला लागला. “केरात तर नाही ना गेला करवंटीबरोबर?”

“करवंटी हलकी होती रे. रिकामी होती,” आत्या म्हणाल्या.

शेवटी चार-पाच उरले असतील. त्यातल्या एका करड्याकाळ्या, गुळगुळीत दगडावर मी थेंब टाकला आणि तो चरचरला. पांढरा बारीक फेस वर आला, थरथरला आणि ओघळला.

“हाच,” हेमंत म्हणाला.

गुरुजींनी हात जोडले. आत्यांनी नाकाला पदर लावला. माझा जीव भांड्यात पडला आणि खरं सांगते, थोडी ऐटही वाटली. हेमंत दगड उचलणार तोच सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी दगड हातात घेतला, पदरानं पुसला आणि अंगठा त्याच्या कडेवरून फिरवला. एका जागी अंगठा थांबला.

“हा तो नाही,” त्या म्हणाल्या.

“आई, अगं फेस आला ना,” हेमंत म्हणाला. “सगळ्यांनी पाहिलं.”

“येणारच. शहाबादचा आहे तो. माझा आहे.”

कुणाला काही उमजेना. सासूबाईंनी दगड माझ्यापुढे धरला. एका बाजूला बोट बसेल अशी खाच होती. ती झिजून पडलेली होती, फुटून नव्हे.

“ही दाराची खाच,” त्या म्हणाल्या. “माझ्या माहेरी परसदार वाऱ्यानं आपटायचं, म्हणून माझी आई त्याला हा दगड लावायची. मी लहान असल्यापासून. आई गेली, भावांनी घर विकलं, तेव्हा शेवटची गेले होते मी. तुला काय हवं ते ने म्हणाले. भांडी होती, पाट होते. मी हा उचलून आणला.”

“मला कसं ठाऊक नाही हे?” आत्या म्हणाल्या.

“कुणाला सांगण्यासारखं काय होतं? वेड्यासारखा दगड आणला गाडीतून, पिशवीत घालून.” त्या कठड्याला टेकल्या. “ह्यांनी तेव्हा नुकती पेटी आणली होती. कोयनेचा दगड, कृष्णेचा दगड असं चाललेलं. मी म्हटलं, माझ्या माहेरचाही एक ठेवा. बघू म्हणाले. माझ्यासमोर थेंब टाकला. असाच फेस आला. म्हणाले, हा चालायचा नाही, मासे मरतील. झालं. पुन्हा मी विचारलं नाही, ह्यांनी सांगितलं नाही. मला वाटलं, टाकला असेल कुठंतरी कंपाउंडबाहेर. तेव्हापासून त्या पेटीकडे बघावंसं वाटलं नाही मला.”

मी उगीच पुन्हा एक थेंब टाकून पाहिला, दुसऱ्या बाजूला. तिथंही चरचरलं. दगड फटीतल्या चुन्यानं फेसाळत नव्हता, तो आतबाहेर तसाच होता. शहाबादी फरशीवर लिंबू सांडलं की डाग पडतो, तोच प्रकार.

“तळाशी वाळूत पुरलेला होता तो हाच,” आत्या हळूच म्हणाल्या. “बाकीचे त्याच्यावर रचले होते. म्हणून मला उकरावा लागला.”

“पण का?” हेमंतनं विचारलं. “चालत नाही म्हणाले आणि ठेवला?”

“आमच्या दादाला एकदा नाही म्हटल्यावर हो म्हणणं कधी जमलं नाही,” आत्या म्हणाल्या. “लहानपणापासून तसाच. नाही म्हणायचा आणि मग गुपचूप करून टाकायचा.”

आणि मग मला ते सुचलं. पुण्याच्या दुकानात नाना लाल-निळ्या टेट्रा माशांच्या काचेपुढे उभे राहायचे ते हलायचे नाहीत. घेऊ या का म्हटलं की म्हणायचे, आपल्या पाण्यात ते टिकणार नाहीत. मी दरवेळी विचारायची की आपल्या पाण्याला काय झालंय, कराडचं पाणी तर चांगलं आहे. ते हसायचे आणि पुन्हा गप्पी घेऊन यायचे, नाहीतर मोली. गप्पी आणि मोलींना जड पाणी मानवतं. चुन्याचा दगड असला तरी त्यांचं काही बिघडत नाही, उलट ते खुशीत असतात.

“आई,” मी म्हटलं, “नाना सगळ्या जगाला सांगायचे की माशांना चालेल असा दगड निवडावा. स्वतः मात्र या दगडाला चालतील असे मासे आणत राहिले.”

दगड दोन्ही हातांत धरून त्या बराच वेळ बादलीतल्या माशांकडे बघत होत्या. मग त्यांचा चेहरा मोडला आणि नऊ दिवसांत प्रथमच त्या मोठ्यानं रडल्या. आत्यांनी त्यांना जवळ घेतलं. गुरुजी उठून अंगणात गेले आणि पेरूच्या झाडाकडे बघत उभे राहिले.

हेमंत माझ्या शेजारी खाली बसला होता. उरलेल्या दगडांवर मी थेंब टाकले. एकालाही फेस आला नाही. जीवखडा त्यांच्यात नव्हता.

“संपलं,” तो म्हणाला. “एवढंही झालं नाही माझ्या हातून.”

सासूबाईंनी ते ऐकलं. त्यांनी डोळे पुसले, आपला दगड माझ्या ओंजळीत दिला आणि आतल्या खोलीत गेल्या. पलंग वाजला. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात पांढऱ्या फडक्याची पुरचुंडी होती.

हेमंतनं ती उघडली. आत मुठीत मावेल एवढा काळा दगड होता. त्याच्या एका फटीत चुना चिकटलेला होता.

“आई?”

“उशीखाली होता,” त्या म्हणाल्या. “पडवीत गार वारं येतं रे. ह्यांना कुठं सोसतं? पहिल्या दिवशी तू झोपल्यावर आत आणला. सकाळी पुन्हा ठेवीन म्हटलं. मग ठेववेना.” अंगणातून गुरुजी परत येत होते, त्यांना त्या म्हणाल्या, “घरात घ्यायचा नसतो, ठाऊक आहे मला. काय प्रायश्चित्त असेल ते सांगा, करते.”

गुरुजी पायरीवर थांबले. “थंडी आहेच यंदा,” ते म्हणाले. “प्रायश्चित्त वगैरे काही नाही.”

“पण मग तू बोलली का नाहीस?” हेमंतचा आवाज चढला. “मी दुपारपासून वेडापिसा झालोय. माझ्या डोळ्यांदेखत तू गप्प बसलीस.”

“बसले. मिळाला नाही तर माणूस घरातच राहतो, असं म्हणाले ना गुरुजी. मी म्हटलं, मग राहू देत की. मला दुसरं काय आहे ह्यांचं? कधी प्रेमाचा शब्द बोलले नाहीत, कधी काही हातावर ठेवलं नाही. निदान हा तरी.” त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. “तुझे हाल बघत होते रे मी. पण द्यावा असं वाटेना.”

हेमंतनं पुरचुंडी पुन्हा बांधली आणि ती छातीशी धरून बसला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, “मग आता का दिलास?”

त्या माझ्याकडे वळल्या.

“सुमेधा, मासे किती वेळ राहतील गं बादलीत?”

“लवकर सोडायला हवेत.”

“मग आटप. दगड धुऊन रचून घे पहिल्यासारखे.” माझ्या ओंजळीतल्या दगडाकडे त्यांनी बोट केलं. “आणि हा तळाशी घालू नकोस. पुढं ठेव, काचेजवळ. मला बसल्या जागेवरून दिसला पाहिजे.”